कारखान्याने सोडलेली जागा

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला बाजारातील एक गोष्ट फार लवकर उमगते. मोठा कारखानदार आपल्या मालात जे देतो त्यावर त्याचा स्वतःचा धंदा चालतो; परंतु तो जे देत नाही त्यावर शेकडो लहान दुकाने उभी राहतात. नव्या स्कूटरच्या शोरूमशेजारी सीटकव्हर आणि लेगगार्डचे दुकान हमखास आढळते. एका बाजूला पाय सोडून मागे बसणाऱ्या स्त्रीची साडी चाकात अडकू नये म्हणून आपल्याकडे जाळी बसवली जाते. परदेशी आराखड्यात अशी जाळी कोणी कल्पिलीही नव्हती. पुढे मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण आपल्या सरकारी नियमानेच आवश्यक ठरवले. मूळ वस्तूला गिऱ्हाइकाने जोडलेली पुरवणी अशी कधी कधी मूळ वस्तूचाच भाग होऊन जाते.

या पुरवणीच्या व्यापाराची फार मोठी जत्रा विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत अमेरिकेत भरली होती, आणि तीही मुख्यतः एकाच मोटारीभोवती. ती मोटार म्हणजे फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’. तिच्या मागावर मिशिगन, इंडियाना आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दिवसांत प्रवास करण्याचा योग आला. मोटारीच्या शोधात निघालेल्या माणसाला वाटेत व्यापाराचा इतिहास भेटला, आणि जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्नही भेटला.

पिकेट ॲव्हेन्यू

डेट्रॉइटच्या पिकेट ॲव्हेन्यूवरील तीन मजली विटांची इमारत प्रथम पाहताना गिरणगावाची आठवण होते. ते साहजिकच आहे, कारण १९०४ साली ती बांधली गेली तेव्हा न्यू इंग्लंडमधील कापडगिरण्यांचा नमुना डोळ्यांपुढे होता. लांबी ४०२ फूट, रुंदी अवघी ५६ फूट. दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या रांगा, म्हणजे दिवसाचा उजेड आतील प्रत्येक बाकापर्यंत पोचावा. आता येथे संग्रहालय आहे. लाकडी जमिनीवर अजूनही जुने डाग दिसतात. तिसऱ्या मजल्याच्या एका कोपऱ्यात भिंती घालून वेगळी केलेली खोली आहे. त्या खोलीत मॉडेल टीचा आराखडा तयार झाला. १९०८ च्या शरद ऋतूत पहिल्या गाड्या येथून बाहेर पडल्या आणि सुमारे १२,००० गाड्या झाल्यावर १९१० मध्ये कारखाना हायलँड पार्क येथील मोठ्या जागेत गेला. १९२७ पर्यंत या एकाच नमुन्याच्या दीड कोटी गाड्या झाल्या.

गाडीची सुरुवातीची किंमत ८५० डॉलर होती. सुरुवातीच्या काळात या किमतीत टप, समोरची काच आणि गॅसचे दिवे येत नसत. त्यांचे पैसे वेगळे पडत. पुढे या वस्तू गाडीबरोबर येऊ लागल्या, उत्पादन वाढले आणि किंमत मात्र उतरत गेली. १९२५ च्या सुमारास दोन आसनांची उघडी गाडी २६० डॉलरला मिळे. ज्याने भाव करण्यात आयुष्य घालवले आहे त्याला हा आकडा पाहून पहिला प्रश्न सुचतो तो असा, की या भावात काय काय गाळले असेल?

पुष्कळ गाळले होते. पेट्रोल किती उरले हे दाखवणारा काटा नव्हता. चालक उठून बसण्याची गादी बाजूला करी आणि तिच्याखालच्या टाकीत लाकडी पट्टी बुडवून पाही. पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंपही नव्हता. ते केवळ उतारामुळे वाहत जाई, त्यामुळे टाकी कमी भरलेली असताना चढ चढायचा झाल्यास पुष्कळ लोक गाडी उलटी फिरवून मागच्या गिअरवर चढवीत. पाणी खेळवणारा पंप अगदी पहिल्या काही गाड्यांपुरताच होता. नंतर तापलेले पाणी वर आणि थंड पाणी खाली या निसर्गनियमावर काम भागवले गेले. पुढे जाण्यासाठी गिअर दोनच. पायाचा ब्रेक चाकांना न लागता गिअरपेटीतील पट्ट्याला लागे. पुढे आणि मागे आडवा टाकलेला पाट्यांचा एकेकच जुडगा असल्याने खडबडीत रस्त्यावर गाडी होडीसारखी डोले. इंजिन सुरू करण्यासाठी पुढे उभे राहून हँडल मारावे लागे, आणि ठिणगीची तरफ योग्य जागी नसली तर तेच हँडल उलट फटका देऊन मनगट मोडी. १९१५ पासून विजेचे दिवे आले खरे, परंतु ती वीज फिरत्या चाकाबरोबर तयार होणारी होती. त्यामुळे अंधाऱ्या, अवघड वळणावर गाडी हळू केली की नेमके तेव्हाच दिवे मंद होत.

या उणिवा कंपनीला ठाऊक नव्हत्या असे समजणे भाबडेपणाचे होईल. गाडी हलकी, दणकट आणि स्वस्त ठेवायची हा हेन्री फोर्ड यांचा निश्चय होता. ज्या शेतकऱ्याला कधीच मोटार परवडली नसती त्याच्या दारात ती पोचवायची, तर प्रत्येक डॉलर तोलून मापून खर्च करणे भाग होते. १९१४ ते १९२५ या काळात तर रंगही काळा सोडून दुसरा मिळत नसे. कारखान्याने एकच गाडी बनवली आणि तिला हवी तशी करून घेण्याचे काम गिऱ्हाइकावर सोडून दिले.

डिअरबॉर्नच्या झाडांखाली

डेट्रॉइटला लागूनच डिअरबॉर्न हे गाव आहे. तेथील हेन्री फोर्ड संग्रहालयाच्या आवारात ग्रीनफील्ड व्हिलेज नावाची जुन्या इमारतींची वसाहत आहे. १९५१ पासून दर सप्टेंबरमध्ये तेथे जुन्या मोटारींचा मेळा भरतो. १९३२ नंतरच्या गाडीला त्यात प्रवेश नाही. विटांच्या रस्त्यांवरून गाड्या फिरत असतात, मुले टपावर हात ठेवून फोटो काढून घेतात, आणि हवेत तेलाचा व कोळशाच्या धुराचा वास मिसळलेला असतो.

एका झाडाखाली पंधरा-वीस मॉडेल टी ओळीने उभ्या होत्या. लांबून त्या एकाच साच्यातील भासल्या. जवळ गेल्यावर मात्र कोणतीही दोन वाहने सारखी नव्हती. एकीच्या रेडिएटरच्या झाकणावर काचेची गोल चकती बसवलेली होती आणि तिच्यामध्ये तापमापकाची लाल रेघ दिसत होती. हे ‘बॉइस मोटोमीटर’, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंड सिटीत तयार होणारे. पाणी उकळायला आले की लाल रेघ वर चढे आणि चालकाला बसल्या जागेवरून समोरच्या काचेतून ती दिसे. पाण्याचा पंप नसलेल्या गाडीत या छोट्या चकतीचे मोल किती असेल, हे घाट चढणाऱ्यालाच विचारावे. शेजारच्या गाडीत मूळचा काटा नसलेल्या जागी शिकागोच्या स्टुअर्ट कंपनीचा वेग दाखवणारा काटा होता. तिसरीला चार कोपऱ्यांत जाड तारेची वेटोळी बसवलेली होती. ही इंडियानापोलिसच्या रॉबर्ट हॅसलर यांची धक्के शोषणारी स्प्रिंग. आडव्या पाट्यांच्या टोकाशी ती बसली की गाडीचे डोलणे आणि आदळणे दोन्ही कमी होत.

चौथ्या गाडीचा मालक येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना तिचा भोंगा वाजवून दाखवत होता. तो ‘क्लॅक्सन’ होता. त्याचे जनक मिलर रीझ हचिसन यांनी त्याआधी बहिऱ्यांसाठी विजेवर चालणारे श्रवणयंत्रही तयार केले होते. श्रवणयंत्रांना गिऱ्हाइके मिळावीत म्हणूनच त्यांनी हा कर्कश भोंगा काढला, असा विनोद त्या काळी लोक करीत. आवाज ऐकल्यावर विनोदात तथ्य असावे असे वाटू लागते.

याखेरीज हँडल मारण्याचा धोका टाळणारे विजेचे स्टार्टर होते. कॅडिलॅकने १९१२ मध्ये असा स्टार्टर आपल्या गाडीबरोबरच दिला आणि लगेच ज्यांच्याकडे फोर्ड होती त्यांनाही तो हवासा वाटू लागला. बॉस्टनच्या ग्रे अँड डेव्हिस कंपनीने फोर्डसाठी वेगळा संच काढला. इंजिनाच्या धुराच्या नळीवरून ऊब गाडीत आणणारे पेटारे होते. स्टिअरिंगखालच्या तरफेऐवजी पायाने वेग वाढवण्याची सोय होती. कुलपे होती, पायरीवर बांधायच्या पेट्या होत्या, आणि ठिणगी वेळेवर पडावी म्हणून नाना तऱ्हेचे टायमर होते.

शेतकऱ्यांनी तर गाडीला गाडी म्हणून राहू दिलेच नाही. मागचे चाक जॅकवर उचलून त्याला पट्टा लावला की तेच इंजिन लाकूड कापी, दाणे दळी, पाणी उपसे. सेंट पॉल शहरातील स्टाउड कंपनीचा संच घेतला तर मागे लोखंडी दात्यांची मोठी चाके बसून मोटारीचा ट्रॅक्टर होई. शिकागोचा ‘स्मिथ फॉर्म-अ-ट्रक’ हा संच घेतला तर गाडीचा सांगाडा लांब होऊन मागे मजबूत आस येई. मूळच्या आसाच्या टोकांना दातेरी चाके लावून साखळीने ती नवी चाके फिरवायची. आणि मोटारीचा एक टन माल वाहणारा ट्रक तयार. न्यू हॅम्पशायर राज्यातील वेस्ट ऑसिपी या गावचे फोर्ड विक्रेते व्हर्जिल व्हाइट यांनी याहून नवल केले. त्यांनी पुढच्या चाकांच्या जागी बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या आणि मागे दुहेरी चाकांवर फिरणारा पट्टा बसवला. १९१७ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले आणि १९२२ पासून हे संच विकले जाऊ लागले. महिनोन् महिने बर्फाखाली जाणाऱ्या खेड्यांत टपाल आणि डॉक्टर या गाड्यांतून पोचू लागले. ‘स्नोमोबाइल’ हे नाव त्यांनीच आपल्या गाडीला दिले.

टपालातून उभा राहिलेला बाजार

हा सारा माल गिऱ्हाइकापर्यंत पोचला कसा? अमेरिकेतील बहुसंख्य फोर्ड-मालक खेड्यांत राहत. जवळचे मोठे दुकान एका दिवसाच्या वाटेवर. १ जानेवारी १९१३ रोजी अमेरिकन टपालखात्याने पार्सल पोचवण्याची सेवा सुरू केली आणि हे अंतर संपले. शिकागोची सीअर्स, रोबक ही टपालाने माल विकणारी पेढी आधीच घराघरांत पोचली होती. तिच्या जाडजूड सूचिपत्रात फोर्डच्या सामानाची पानेच्या पाने झाली. गाडी एकदा खरेदी झाली तरी गाडीसाठीची खरेदी कधीच संपत नसे.

या व्यापारातील एका माणसाची हकीकत आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. कॅन्ससमध्ये जन्मलेले जॉर्ज पेपरडाइन हे कॅन्सस सिटीतील एका गॅरेजमध्ये हिशेबनीस होते. १९०९ साली त्यांनी पाच डॉलरची टपाल तिकिटे घेतली आणि फोर्ड-मालकांना सामानाची जाहिरातपत्रके पाठवली. दुकान नव्हते, गोदाम नव्हते. मागणी आधी घ्यायची, माल नंतर उचलायचा. त्यातून ‘वेस्टर्न ऑटो सप्लाय’ ही देशभर शाखा असलेली पेढी उभी राहिली. १९३७ मध्ये पेपरडाइन यांनी लॉस एंजेलिस येथे आपल्या संपत्तीतून महाविद्यालय स्थापन केले. ते आज विद्यापीठ आहे. आपल्याकडच्या अनेक शाळा, पांजरपोळ आणि धर्मशाळांच्या पायथ्याशी अशाच एखाद्या हिशेबनिसाचे पहिले भांडवल गाडलेले असते. त्या विद्यापीठाच्या पायाशी मॉडेल टीचे सुटे भाग आहेत.

सामान विकणाऱ्यांत यंत्राचे जाणकारही होते. विस्कॉन्सिनमधील रासीन गावात शर्यतीचे चालक जो येगर्सबर्गर यांनी फोर्डच्या इंजिनाला अधिक बळ देणारे डोके काढले आणि गावाच्या व स्वतःच्या नावातील अक्षरे जोडून त्याला ‘राजो’ असे नाव दिले. मराठी माणसाला ते नाव अगदी घरचे वाटते.

इंडियानातील दोन गावे

डिअरबॉर्नहून चार तासांच्या अंतरावर इंडियाना राज्यात रिचमंड नावाचे शांत गाव आहे. तेथे मॉडेल टीच्या शौकिनांच्या संस्थेने केवळ याच गाडीचे संग्रहालय चालवले आहे. यंत्रात रस असणाऱ्याने तेथे थांबून ‘रुकस्टेल ॲक्सल’ नीट पाहावा. कॅलिफोर्नियाच्या ग्लोव्हर रुकस्टेल यांच्या नावाचा हा मागचा आस. त्याच्या पोटात आणखी एक गिअर असतो. आसनाशेजारची तरफ ओढली की चाके सावकाश पण अधिक जोराने फिरतात. मूळच्या दोन्ही गिअरांना त्याची जोड मिळून पुढे जाण्याचे चार वेग झाले. चढ आला की पहिल्या गिअरवर रखडत, तापत जाणारी गाडी आता दमाने पण निर्धास्त चढू लागली. बाहेरच्या सामानाकडे नापसंतीने पाहणाऱ्या फोर्ड कंपनीनेही या आसाला मान्यता दिली आणि तो तिच्या विक्रेत्यांकडे मिळू लागला. इतर पुरवण्यांच्या वाट्याला असा मान क्वचितच आला.

याच आसाने आणखी एक धडा दिला. फोर्डचा पायाचा ब्रेक गिअरपेटीत होता, हे वर आलेच आहे. गिअरपेटी आणि चाके यांच्यामध्ये नवा गिअर आला आणि तो बदलताना मध्येच अडकला, तर पेटीचा चाकांशी संबंध तुटे. मग ब्रेक कितीही दाबला तरी तो चाकांना पोचत नसे. उतरणीवर असे झाले तर हाताची तरफ एवढाच आधार उरे, आणि तिचे मागच्या चाकांतील छोटे ब्रेक दुबळे होते. म्हणून मागच्या चाकांवर बाहेरून आवळणारे मोठे ब्रेक बसवण्याची नवी पुरवणी बाजारात आली. एक उणीव भरून काढताना दुसरी निर्माण होते आणि दुसरा व्यापारी तिच्यापाशी दुकान मांडतो. वस्तूत एक बदल केला की सगळ्या वस्तूचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, हे जाणत्या कारागिराने गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवे. आजही जे लोक रुकस्टेल बसवलेली गाडी रस्त्यावर आणतात ते हे जादा ब्रेक बसवल्याशिवाय उतारावर जात नाहीत.

रिचमंडहून पश्चिमेला सुमारे ११० किलोमीटरवर इंडियानापोलिस आहे. तेथील शर्यतीचे मैदान जगप्रसिद्ध आहे. परंतु या प्रवासात ओढ होती ती लुई शेव्हरोले यांच्या स्मृतीची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या या शर्यतपटूच्या नावाने १९११ मध्ये मोटार कंपनी निघाली. काही वर्षांतच भागीदाराशी मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि त्यांचे नाव कंपनीकडे राहिले. पुढे हीच शेव्हरोले गाडी फोर्डची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी झाली. आणि स्वतः शेव्हरोले काय करीत होते? भावासह इंडियानापोलिसला राहून ते फोर्डच्या इंजिनासाठी ‘फ्रंटेनॅक’ नावाचे डोके तयार करून विकत होते! ज्यांनी ते बसवले त्यांनी त्याला लाडाने ‘फ्रंटी’ म्हटले. १९२३ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत असे डोके बसवलेली फोर्ड घेऊन एल. एल. कोरम पाचवे आले. लाखमोलाच्या खास शर्यती गाड्यांच्या गर्दीत शेतकऱ्याच्या गाडीच्या इंजिनाने मिळवलेले हे यश होते. शेव्हरोले यांच्या वाट्याला मोठी संपत्ती आली नाही. १९४१ मध्ये ते वारले आणि याच शहरातील दफनभूमीत विसावले. ज्याचे नाव जगभरच्या गाड्यांवर झळकते त्याचे पोट काही काळ प्रतिस्पर्ध्याच्या गाडीतील उणिवेवर चालले, याहून व्यापाराचा विलक्षण खेळ कोणता असेल?

हर्शीचा बाजार

प्रवासाचा शेवटचा टप्पा पेनसिल्व्हेनियातील हर्शी. चॉकलेटचे कारखानदार मिल्टन हर्शी यांनी वसवलेले हे गाव. त्याच्या मुख्य रस्त्यावरील दिव्यांनाही चॉकलेटच्या थेंबाचा आकार दिलेला आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला १९३५ मध्ये स्थापन झालेला अमेरिकेतील जुन्या मोटारींचा क्लब येथे मेळावा भरवतो. त्यानिमित्ताने जो बाजार भरतो तसा दुसरा पाहण्यात नाही. हजारो जागा आखलेल्या. ताडपत्रीखाली, ट्रकच्या मागे, जमिनीवर चादर पसरून मांडलेला माल. गंजलेले कार्बुरेटर, पितळी दिवे, खोक्यात भरलेले टायमर, तडकलेल्या काचेचे मोटोमीटर. मुंबईचा चोर बाजार शंभर पटींनी मोठा करून मैदानावर अंथरावा तसे दृश्य. विक्रेता भाव सांगतो, गिऱ्हाईक मान हलवून चार पावले पुढे जाते आणि परत येते. भाषा निराळी, रीत तीच. विशेष म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्या पुरवण्यांना लोक क्षुल्लक समजत, त्यातील काहींसाठी आज चांगली रक्कम मोजली जाते.

बाजाराच्या शेवटी गाड्यांचे परीक्षण होते. नियम कडक आहे. गाडी कंपनीच्या विक्रेत्याकडून पहिल्या मालकाच्या हाती गेली असती त्या अवस्थेत असावी. कारखान्याच्या सूचिपत्रात असलेले जादा सामान चालेल, बाहेरून बसवलेल्याचे गुण कापले जातात. नियमाचा हेतू चांगला आहे. मनाला येईल ते बसवून गाडी ‘जुनी’ म्हणून मिरवण्याला त्याने आळा बसतो.

तेथे एका वृद्ध शेतकऱ्याची भेट झाली. त्याने आजोबांची १९२३ ची मॉडेल टी ट्रेलरवर घालून आणली होती. तिला हॅसलरच्या स्प्रिंगा होत्या, रुकस्टेलचा आस होता, आणि डाव्या पायरीवर लोखंडी पट्ट्यांचा ओबडधोबड कठडा होता. आजोबा त्यात दुधाच्या बरण्या बसवून गावात नेत. बरण्यांच्या तळांनी पायरीवर पडलेल्या गोल खुणा त्याने बोटाने दाखवल्या. नातवंडांची इच्छा अशी, की हे सगळे काढावे, गाडी नव्यासारखी रंगवावी आणि परीक्षणात उतरवावी. बक्षीस मिळाले तर किंमतही वाढेल. म्हातारा म्हणाला, “कारखान्यातून निघालेली गाडी दीड कोटी लोकांची होती. माझ्या आजोबांची गाडी या बरण्यांपासून सुरू होते.”

त्यावर लगेच उत्तर देता येईना. नातवंडांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. वस्तूची किंमत टिकली तरच ती जपण्याचा उत्साह पुढच्या पिढीत टिकतो. गंजू दिलेली आठवण फार दिवस राहत नाही. परंतु व्यापारी घराला जुन्या खातेवहीची उपमा येथे सुचल्यावाचून राहणार नाही. खातेवहीची मूळ किंमत काय? कोऱ्या कागदाची. कोऱ्या वह्या त्या काळी हजारो निघाल्या आणि सगळ्या सारख्याच होत्या. पणजोबांनी तिच्यात जे लिहिले, कोणाला किती दिले, कोणत्या दुष्काळात कोणाची बाकी सोडली, त्यामुळे ती वही आपली झाली. ती ‘मूळ अवस्थेत’ आणण्यासाठी शाई खोडून काढणाऱ्याला आपण काय म्हणू?

गाडीला बसवलेली प्रत्येक पुरवणी ही मालकाने केलेली अशीच एक नोंद असते. मोटोमीटर सांगतो, या घराच्या वाटेवर चढ होते. उबेची पेटी सांगते, हिवाळा कडक होता आणि गाडीत लहान मुले असावीत. मागच्या चाकावरील पट्ट्याची खूण सांगते, घरी दुसरे इंजिन घेण्याची ऐपत नव्हती. कारखान्याचा इतिहास कारखान्याच्या दप्तरात सुरक्षित आहे. या लहान माणसांचा इतिहास गाड्यांवरच्या अशा खुणांत आहे आणि एकदा पाना फिरला की तो नाहीसा होतो.

त्याच क्लबने हे ओळखून मूळ अवशेष जपलेल्या, पुन्हा न रंगवलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्गही ठेवला आहे. नियम करणाऱ्यांनाही कालांतराने नियमाची दुसरी बाजू दिसली, हे मनाला समाधान देणारे आहे. म्हाताऱ्याने गाडी परीक्षणात उतरवली नाही. बाजाराच्या कडेला ती तशीच उभी होती आणि तिच्याभोवती माणसे जमत होती.

उणीव संपल्यावर

या व्यापाराचा शेवटही जाणून घेण्यासारखा आहे. १९१७ मध्ये फोर्डने स्वतःचा एक टनाचा ट्रक आणला आणि ट्रक करून देणाऱ्या संचांचे दिवस भरले. त्याच वर्षी फोर्डच्याच कुळातील फोर्डसन ट्रॅक्टर आला. १९१९ पासून विजेचा स्टार्टर कारखान्यातच मिळू लागला. २६ मे १९२७ रोजी मॉडेल टीचे उत्पादन थांबले आणि डिसेंबरमध्ये ‘मॉडेल ए’ लोकांपुढे आली. तिला तीन वेगांची गिअरपेटी होती, चारही चाकांना ब्रेक होते, वेगाचा काटा होता, पेट्रोलचा काटा होता, धक्के शोषणारी यंत्रे होती. ज्या वस्तू शेतकरी वीस वर्षे टपालाने मागवत होते त्यांची यादीच जणू कारखान्याने समोर ठेवून गाडी बनवली. गिऱ्हाइकाने आपल्या पैशाने केलेले प्रयोग कारखानदाराच्या कामी आले.

दुसऱ्याच्या उणिवेवर उभा राहिलेला धंदा ती उणीव भरून निघताच धोक्यात येतो. ज्यांनी हे आधी ओळखले ते तरले. फोर्डसाठी ठिणगीचे संच विकणारे ॲटवॉटर केंट रेडिओकडे वळले आणि अमेरिकेतील आघाडीचे रेडिओ उत्पादक झाले. पेपरडाइन यांची पेढी एका गाडीवर अवलंबून न राहता घरोपयोगी सर्व माल विकू लागली. जे एकाच संचाला चिकटून बसले त्यांची नावे आता हर्शीच्या चादरीवरील गंजलेल्या पट्ट्यांवरच वाचायला मिळतात. हायलँड पार्कच्या ज्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकती जोडणीरेषा सुरू झाली, त्याच्यासमोर आता ‘मॉडेल टी प्लाझा’ नावाची दुकानांची रांग आहे. कारखाना शांत आहे; दुकाने चालू आहेत.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी, गोदामात किंवा गावाकडच्या पडवीत आजोबांची जुनी फियाट, स्कूटर, तराजू किंवा शिवणयंत्र असेल. ते दुरुस्तीला देण्याची वेळ येईल तेव्हा एवढे करावे. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. मूळचे नाही असे जे जे दिसेल त्याची यादी करावी आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, की हे कोणी, कधी आणि कशासाठी बसवले. उत्तर मिळेल ते तारखेसह लिहून ठेवावे. काढणे अगदीच भाग पडले तर काढलेला भाग फेकू नये. चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावा, म्हणजे पुढच्या पिढीला तो परत बसवता येईल. नवीन काही बसवायचे असेल तर मूळ पत्र्याला नवे भोक न पाडता बसवावे. या कामाला फारसा खर्च येत नाही. मात्र सांगणारी माणसे आहेत तोवरच ते करून घ्यायला हवे.